क्रेप्लाख कधी, क्नेडलाख कधी?

गेल्या अंकात इस्रायलमधल्या अश्दोदच्या वृद्धाश्रमातल्या स्वयंपाकघराबद्दल लिहिताना ‘क्रेप्लाख’ हा शब्द ओघात येऊन गेला आणि त्यावर बरीच पत्रं आली. त्यांतल्या पाचांना आज उत्तर देते. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते की मी मूळची रेवदंड्याची, बेने इस्रायल म्हणजे कोकणातली ज्यू. १९७१ साली लग्न होऊन अश्दोदला आले आणि पुढे २६ वर्षं एका वृद्धाश्रमात स्वयंपाक केला. तिथे पोलंड, रुमानिया, इराक, इराण, मोरोक्को अशा ठिकाणांहून आलेली म्हातारी माणसं होती. प्रत्येकाला सणाच्या दिवशी आपल्या आईच्या हातचं हवं असायचं. मला जे येतं ते त्यांनीच शिकवलेलं आहे.

प्रश्न : माझी मुलगी नोकरीनिमित्त हैफाला असते. योम किप्पूरच्या उपासाआधी एका घरी तिला कोंबडीच्या सुपात तिकोनी करंज्या घालून वाढल्या. उपासाच्या आधी हे का खातात? आपल्या मोदकासारखा हा प्रकार आहे का? (वाचक, ठाणे)

मुलीने ‘तिकोनी करंज्या’ म्हटलं ते बरोबर आहे. एक असेल तर क्रेपल, अनेक असतील तर क्रेप्लाख. पूर्व युरोपातल्या ज्यूंना अश्केनाझी म्हणतात, त्यांच्या यिद्दिश भाषेतला हा शब्द. घडण करंजीची, पण तळायच्या ऐवजी उकळत्या पाण्यात शिजवतात. त्यामुळे हाताला लागतात नागपंचमीच्या दिंडांसारखे. मऊ, ओलसर, कडेला जरा जाड. आत पुरणाच्या जागी शिजवून बारीक केलेलं मांस, लाल परतलेला कांदा, मीठ आणि मिरेपूड. मोदकाशी मात्र जोडू नका. मोदक नैवेद्याचा, तो आधी देवापुढे जातो. क्रेप्लाख कुणापुढे ठेवायचे नसतात, ते थेट सुपात जातात.

वर्षातून तीन दिवस ते हटकून होतात : योम किप्पूर म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या आदल्या दिवशी, मंडपांच्या सणाच्या सातव्या दिवशी म्हणजे होशाना रब्बाला, आणि पुरीमला. याच तीन दिवशी का, याचं जुन्या माणसांनी सांगितलेलं कारण मला फार आवडतं. या तिन्ही दिवशी मार असतो. योम किप्पूरच्या आदल्या दिवशी पुरुष सिनेगॉगमध्ये पाठीवर चामड्याच्या पट्ट्याचे नावापुरते फटके घेत. होशाना रब्बाला वाळुंजाच्या डहाळ्या जमिनीवर आपटतात. पुरीमला, हामान या मंत्र्याच्या कटातून ज्यूंना वाचवणाऱ्या एस्तेर राणीची गोष्ट वाचताना त्या दुष्ट हामानाचं नाव आलं की पाय आपटून, खुळखुळे वाजवून ते पुसून टाकतात. आणि क्रेप्लाखमधलं मांसही सुरीने मारून मारून बारीक केलेलं असतं. पुरीमसाठी आणखी एक गोष्ट सांगतात. एस्तेरच्या सबंध पुस्तकात देवाचं नाव कुठेच येत नाही, तो आत लपलेला आहे, जसं कणकेच्या आत सारण.

स्वयंपाकघरातलं कारण मी स्वतः पाहिलेलं आहे. सुपासाठी कोंबडी दोन-तीन तास उकळली की तिची सगळी चव रश्श्यात उतरते आणि मांस चोथ्यासारखं होतं. तिचे तुकडे वाटायला गेलं तर एकाच्या ताटात तंगडी येते, दुसऱ्याच्या ताटात मान. तेच मांस कांद्याबरोबर बारीक करून कणकेत भरलं की प्रत्येकाच्या वाडग्यात सारखे तीन-तीन पडतात. गरीब घरांनी शोधून काढलेला हा सणाचा पदार्थ आहे, आणि माझ्या मते म्हणूनच तो इतका टिकला.

मला तो लोड्झ शहरातून आलेल्या एका आजींनी शिकवला. त्या लाटलेली पोळी यिद्दिश वर्तमानपत्रावर धरायच्या. खालची अक्षरं वाचता आली पाहिजेत, नाहीतर परत लाटायची. मग चार बोटं रुंदीचे चौकोन कापायचे, मध्ये सुपारीएवढं सारण ठेवायचं आणि कोनावर कोन आणून त्रिकोण करायचा. मी कडा दाबायला घेतल्या तेव्हा त्यांनी माझं बोट धरून मागे नेलं. आधी सारणाला लागून दाबायचं आणि बोट तिथून कडेकडे सरकवत न्यायचं, म्हणजे आतली हवा बाहेर पडते. कडेपासून दाबलं तर हवा आत कोंडते आणि पाण्यात पडल्यावर क्रेपल फुटतो. शेवटी त्रिकोणाची दोन टोकं करंगळीभोवती गुंडाळून एकमेकांना चिकटवायची. त्यांच्या बोटांना संधिवात होता, तरी टोकं जोडायचं काम त्या दुसऱ्या कुणाला करू देत नसत.

आता उपासाबद्दल. योम किप्पूरचा उपास २५ तासांचा असतो आणि पाण्याचा थेंबही चालत नाही. म्हणून त्याआधीचं जेवण मऊ, पचायला हलकं आणि मुद्दाम फिकं ठेवतात. हे मला माहीत असायला हवं होतं. रेवदंड्याला आम्ही या दिवसाला ‘दारफळणीचा सण’ म्हणायचो. ऊन उतरायच्या आत जेवणं उरकून दार लागायचं, आणि त्या दिवशी आई नारळाच्या दुधातल्या कोंबडीत मिरचीला हात लावत नसे. तरीही नोकरीच्या पहिल्या वर्षी मी चुकले. सारण मला बेचव लागलं, म्हणून मी घरचा मसाला दोन चमचे टाकला आणि मीठही सढळ हाताने घातलं. दुसऱ्या दिवशी दुपारी एका आजींची जीभ कोरडी पडून टाळ्याला चिकटली आणि डॉक्टरांनी त्यांना पाणी घ्यायला लावलं. साठ वर्षांत त्यांनी हा उपास कधी मोडला नव्हता. त्या मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. त्यानंतर २५ वर्षं मी त्या दिवशीचं सारण आधी त्यांच्यासारख्याच कुणाला तरी चाखायला दिलं आणि मगच भरलं.

प्रश्न : मी गेली १२ वर्षं न्यू जर्सीत राहते. मुलाचं लग्न ज्यू मुलीशी ठरलं आहे. पेसाखच्या पहिल्या रात्रीच्या जेवणाला तिच्या आईवडिलांनी आम्हाला बोलावलं आहे. तिथे सुपात गोळे असतात असं कळलं. मी ते घरून करून नेले तर चालतील का? साजूक तूप घालू की तेल? तांदळाच्या पिठाचे केले तर? (वाचक, एडिसन)

आधी दिवस कुठला ते पाहायचं आणि मग पीठ हातात घ्यायचं. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्या रात्रीतच आहेत.

पेसाख म्हणजे आपल्याकडच्या मराठी बायबलातला वल्हांडण, बेखमीर भाकरीचा सण. मिसरमधून गुलामी सोडून निघताना कणीक आंबायला वेळ मिळाला नाही, त्याची आठवण. या दिवसांत गहू, सातू वगैरे पाच धान्यांचं काहीही फुगलेलं, आंबलेलं घरात ठेवत नाहीत. आमच्या रेवदंड्याकडची जुनी माणसं याला ‘अनाशी ढाकाचा सण’ म्हणायची. आंबटाचं मडकं झाकून ठेवायचा सण. या दिवसांत खायची ती मात्सा, पातळ कोरडी पोळी. पिठाला पाणी लागल्यापासून १८ मिनिटांच्या आत ती भाजून निघाली पाहिजे. एकदा भाजली की तिच्यातलं पीठ पुन्हा आंबत नाही, म्हणून तिचा चुरा करून पीठ म्हणून वापरता येतो. त्या चुऱ्याचे गोळे म्हणजे क्नेडलाख. अमेरिकेत त्यांना मात्सा बॉल म्हणतात.

तूप नको. गोळे कोंबडीच्या सुपात पडणार, आणि मांसाबरोबर दुधाचं काही चालत नाही. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, असं तोरामध्ये, म्हणजे आमच्या धर्मग्रंथात, तीनदा सांगितलं आहे. पुढे धर्मपंडितांनी त्या नियमात कोंबडीही घेतली. म्हणून पूर्वी कोंबडीची चरबी कांद्याबरोबर मंद आचेवर वितळवून ती वापरत. तिला श्माल्त्झ म्हणतात. आज तेल चालतं, पण चव चरबीचीच.

तांदळाचं पीठही नको. आम्ही बेने इस्रायल वल्हांडणात तांदूळ खातो, इराकी ज्यूही खातात. अश्केनाझी मात्र या दिवसांत तांदूळ, डाळी, कडधान्यं सगळं वर्ज्य करतात. तुमचे व्याही अश्केनाझी असतील तर तांदळाचा गोळा त्यांच्या ताटात बसणार नाही.

आणि घरून करून नेण्याबद्दल. सण कडक पाळणाऱ्या घरात पेसाखची भांडी वेगळी असतात, वर्षभर कपाटात बंद. तुमच्या रोजच्या पातेल्यात शिजलेलं ते खाऊ शकणार नाहीत, मग तुम्ही कितीही जीव ओतून केलं असलं तरी. त्यात तुमचा अपमान नाही. मुलीच्या आईला सरळ फोन करून विचारा : ‘मी दुपारी लवकर येऊन तुमच्याकडेच, तुमच्याच भांड्यांत क्नेडलाख करू लागले तर चालेल का?’ लग्न ठरलेल्या घरात एका ओट्याशी दोघी उभ्या राहिलात तर ती भेट दुसऱ्या कुठल्याही भेटवस्तूपेक्षा त्यांना आवडेल. काही न्यायचंच असेल तर फुलं न्या.

तोवर घरी सराव करायला माझं प्रमाण असं : ४ अंडी, १ कप मात्साचं पीठ, पाव कप चरबी किंवा तेल, पाव कप गार सूप, १ चहाचा चमचा मीठ, मिरेपूड. आधी सगळं पातळ एकत्र करून मग पीठ घाला आणि फक्त मिसळेपर्यंत ढवळा, मळू नका. मिश्रण सैल दिसेल, त्यात आणखी पीठ घालायचा मोह आवरा. तासभर फ्रिजमध्ये ठेवलं की चुरा पाणी पिऊन आपोआप घट्ट होतो. मग ओल्या हाताने लहान अक्रोडाएवढे गोळे करायचे, ते शिजून दुप्पट होतात. खळखळत्या मिठाच्या पाण्यात सोडायचे, झाकण लावायचं, आच मध्यम करायची आणि ३५ मिनिटं झाकण उघडायचं नाही. उघडलं की वाफ जाते आणि मधला भाग कच्चा, घट्ट राहतो. सुपात शिजवले तर सूप गढूळ होतं, म्हणून पाण्यात शिजवून मग सुपात घालायचे.

हलके, वर तरंगणारे की जड, तळाला बसणारे, यावर घराघरांत वाद असतो. आमच्याकडचे पोलिश आजोबा हलके मागायचे आणि रुमानियाच्या बाई म्हणायच्या की दाताला लागलाच नाही तर तो गोळा कसला. मी दोन पातेली ठेवायची. व्याह्यांकडे कुठली बाजू आहे ते आधी मुलाकडून काढून घ्या.

आणखी एक. काही हसिदी, म्हणजे धर्म फार कडक पाळणाऱ्या पंथाच्या, घरांत पेसाखमध्ये मात्साला पाणी लावतच नाहीत. भाजताना चिमूटभर पीठ कोरडं राहिलं असेल आणि आता ओलं होऊन आंबलं तर, ही भीती. अशा घरी पहिल्या रात्री क्नेडलाख नसतात. परदेशात पेसाख आठ दिवसांचा असतो, तिथे हे लोक आठव्या दिवशी ते आवर्जून करतात, कारण तो दिवस धर्मपंडितांनी नंतर जोडलेला आहे. इथे इस्रायलमध्ये सण सातच दिवसांचा. एक हसिदी आजोबा आमच्याकडे होते. न्यू यॉर्कच्या त्यांच्या भावाकडे आठव्या दिवशी क्नेडलाख झाले, हे फोनवर ऐकूनच ते खूश व्हायचे.

प्रश्न : जेरुसलेमच्या बाजारात बिटाच्या लाल रश्श्यात रव्याचे गोळे खाल्ले, आत खिमा होता. नाव कुब्बे. हे ज्यूंचं की अरबांचं? (वाचक, पुणे)

त्या मुलखाचं. इराकमध्ये, कुर्दिस्तानात ज्यू, मुसलमान, ख्रिस्ती सगळेच कुब्बे करत आले. ज्यू घरातला वेगळा ओळखायचा तो इतर गोष्टींवरून : त्यात दही-दूध कधी नसतं आणि त्याचा दिवस ठरलेला असतो. शब्बाथला म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत चूल पेटवता येत नाही. म्हणून शुक्रवारी सकाळी बायका कुब्बे वळायला बसतात आणि दुपारी घरातले सगळे येता-जाता ते खातात. तुम्ही खाल्लेलं बिटाचं. कुर्दी घरांत हमुस्ता जास्त, म्हणजे पालेभाजी, लसूण आणि लिंबाचा हिरवा आंबट रस्सा. बगदादी घरांत भेंडीच्या आंबट-गोड रश्श्यातले कुब्बे, आणि त्यांचं आवरण रव्याऐवजी भिजवलेले तांदूळ आणि मांस एकत्र वाटून केलेलं. गव्हाचा कण नसल्यामुळे हे कुब्बे त्यांना पेसाखलाही चालतात. एकाच सणाला एका घरात तांदूळ वर्ज्य आणि शेजारच्या घरात तांदळावरच सण, हे मी एका स्वयंपाकघरात २६ वर्षं सांभाळलं.

तुम्ही पुण्याचे आहात म्हणून सांगते. तुमच्या कॅम्पातलं लाल देऊळ, १८६७ साली पूर्ण झालेलं ओहेल डेव्हिड सिनेगॉग, बगदादहून मुंबईला आलेल्या डेव्हिड ससून यांनी बांधायला घेतलं, आणि त्यांची कबर तिथेच आवारात आहे. बगदादी कुटुंबांबरोबर कुब्बाही मुंबई-पुण्यात आला होता. इस्रायलमध्ये तो घरोघरी पोचला तो १९५०-५१ नंतर, जेव्हा इराकमधून सुमारे १,२०,००० ज्यू विमानांनी इथे आले.

आमच्या वृद्धाश्रमातल्या इराणी आजोबांच्या गोळ्यांबद्दलही तुम्ही पत्रात पुढे विचारलं आहे. ते गोंदी. कोंबडीचा खिमा, किसलेला कांदा, हळद, वेलची आणि भाजक्या डाळ्यांचं पीठ. शुक्रवारच्या रात्री सुपात. पहिल्यांदा ते डाळ्यांचं पीठ मळताना मला आईच्या गोळ्यांच्या आमटीचा वास आला आणि मी हात तसाच पिठात ठेवून उभी राहिले. अश्दोदमध्ये तो वास येईल असं मला वाटलं नव्हतं. कांदा किसून पाणी पिळून टाकलं नाही तर गोंदी सुटतात, हे लक्षात ठेवा.

प्रश्न : आम्ही शाकाहारी. यातलं आम्हाला काही करता येईल का? (वाचक, सांगली)

शावुओतचे क्रेप्लाख करा. पेसाखनंतर सात आठवड्यांनी हा सण येतो आणि त्याला दुधाचे पदार्थ करायची चाल आहे. मांस नसतं, म्हणून तिथे लोणीही चालतं. आवरण तेच, आत ताजं चीज, थोडी साखर. सांगलीत तुम्ही चक्का आणि कुस्करलेलं पनीर निम्मं-निम्मं घ्या. नुसता चक्का पाणी सोडतो. अंडं खात नसाल तर मैदा कोमट पाणी आणि चमचाभर तेलात घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवा. उकळून काढले की वरून लोणी आणि साय. बटाटा आणि परतलेल्या कांद्याचं सारणही करतात आणि तेही पोटभरीचं होतं.

प्रश्न : तुम्ही सगळ्या जगाचे गोळे सांगता. आपल्या बेने इस्रायल घरांत असं काही नाही का? माझी आजी पुरीमला पुऱ्या करायची, त्या यात मोडतात का? (वाचक, अलिबाग)

सुपातला गोळा आपल्याकडे नाही, कारण आपल्याकडे सूपच नव्हतं. आपल्या सणाच्या ताटात नारळाच्या दुधातला रस्सा आणि भात. नव्याच्या सणाला, म्हणजे ज्यू नववर्षाला, गव्हाच्या चिकाचा हलवा, तोही नारळाच्या दुधातला, म्हणजे मटणाच्या जेवणानंतर बिनधोक खाता यावा. पण आजीच्या पुऱ्या नक्की यात मोडतात. नाव पुरी, रूप करंजीचं. पुरीम होळीच्या आसपास येतो म्हणून आपली माणसं त्याला ‘होळीचा सण’च म्हणत, आणि शेजारच्या घरी पुरणपोळी व्हायची तेव्हा आपल्याकडे या पुऱ्या. लोड्झच्या आजी त्याच दिवशी क्रेप्लाख करायच्या. एका पुरीमला मी त्यांना माझी पुरी दिली. त्यांनी ती आधी उलटी करून कडा पाहिली, मुरड बोटाने चाचपली, आणि मग खाल्ली. दुसऱ्या वर्षी त्यांनी स्वतःहून विचारलं, ‘तुझ्या त्या नारळाच्या क्रेप्लाख या वेळी कधी करणार?’

माझ्या आईचं सारण : एक मोठा नारळ खवून, एक वाटी बारीक रवा तेलावर गुलाबी भाजून, पाऊण वाटी साखर, वेलची, थोडे बदाम. नारळ आणि साखर आधी कोरडं होईपर्यंत परतायची, मग रवा. तूप नाही, तेच कारण. आवरण मैद्याचं, तेलाच्या मोहनाचं. अलिबागकडच्या काही घरांत सारणात खसखस असायची आणि रेवदंड्याच्या आमच्या आळीत नसायची, असं माझी आई सांगायची. तुमच्या आजीच्या पुऱ्यांत ती होती का, आणि कडेला मुरड होती की कातण फिरवलेलं, ते मला आठवून लिहा.